उद्घाटन झालं, पुढे काय?

सरकारी परिपत्रकात एक शब्द हमखास असतो, 'राबवणे'. उपक्रम राबवण्यात यावा, अभियान राबवण्यात यावे. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठी शिकवताना या शब्दापाशी मला जरा थांबावं लागतं. 'राबणे' म्हणजे मेहनत करणे हे त्यांना ठाऊक असतं, पण योजना मेहनत कशी करणार हे कळत नाही. मी सांगते, योजना राबत नाही, माणसं राबतात. योजना एका दिवसात जाहीर होते. राबणं त्यानंतर सुरू होतं, आणि ते किती वर्षं चालायचं, कुणी चालवायचं, हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं.

अठरा वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवते आहे. या काळात शाळेत किती नव्या गोष्टी आल्या याची मोजदाद ठेवली असती तर एक वही भरली असती. काही आल्या तशा गेल्या. पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घालायची योजना २०२३-२४ मध्ये आली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. मुलं वह्या आणतच राहिली आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून गणवेश एका ठिकाणाहून पुरवायचं ठरलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. या दोन्हींचं मला फारसं दुःख नाही. न जमलेली योजना मागे घेतली तर त्यात वाईट काही नाही.

दुःख चांगल्या गोष्टींचं होतं. ज्या बदलाने खरोखर फरक पडत होता, आणि जो कुणी रद्द केला नाही, कुणी विरोध केला नाही, तरी हळूहळू आतून पोकळ झाला, त्याचं. असा एक बदल मी जवळून पाहिला आहे.

२० ऑगस्ट २०१० ला राज्य सरकारने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. शिक्षण हक्क कायदा नुकताच लागू झाला होता. वर्षाच्या शेवटी एक परीक्षा आणि पास-नापास, ही जुनी पद्धत मोडायची होती. मूल वर्षभर कसं शिकतं हे शिक्षकाने पाहायचं. त्यासाठी आठ साधनं दिली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. याला आकारिक मूल्यमापन म्हणायचं आणि सत्राअखेरच्या परीक्षेला संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. म्हणजे गुणांचा आकडा देऊन न थांबता या मुलाला काय येतं, कुठे अडतं, हे शब्दांत लिहायचं.

शिक्षकांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. साठ मुलांच्या वर्गात कुणाकुणाचं निरीक्षण करणार? पण आमच्या मोठ्या आपांनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, एक साधी गोष्ट केली. शनिवारी शाळा सुटल्यावर पाच शिक्षकांनी पाऊण तास बसायचं आणि त्या आठवड्यात लिहिलेल्या नोंदी एकमेकांना वाचून दाखवायच्या. सगळ्या मुलांच्या नव्हे, प्रत्येकाने पाच मुलांच्या. एवढंच.

त्या शनिवारांनी मला मराठी शिकवायला शिकवलं, असं मी म्हणेन. मी सुलभभारती शिकवते, म्हणजे मराठीखेरीज इतर माध्यमांच्या मुलांसाठीचं मराठीचं पुस्तक. मुलं वेलांट्या गाळतात, ही तक्रार मी आधीपासून ऐकत होते. नोंदी लिहायला लागल्यावर दिसलं की ती कुठल्याही वेलांट्या गाळत नाहीत, ऱ्हस्व स्वर गाळतात. कारण उर्दूत छापलेल्या मजकुरावर जेर, जबर, पेश बहुतेक नसतात. मूल शब्द ओळखून ऱ्हस्व स्वर मनातून भरतं. 'किताब' लिहिताना उर्दूत त्या 'इ'साठी अक्षर लिहावं लागत नाही. तीच सवय मराठीत आली की 'किनारा'चं 'कनारा' होतं. 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' येतो, कारण ते ध्वनी घरातल्या बोलण्यात नसतात. पण दांड्याच्या बाजारात वाढलेल्या मुलांच्या तोंडी 'ळ' सहज येतो, हेही नोंदींतूनच कळलं. त्यांना फक्त लिहिताना अडचण होती, बोलताना नव्हती. म्हणजे दोन वेगळी दुखणी होती आणि दोघांना एकच औषध देऊन चालणार नव्हतं. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनीही त्यांच्या नोंदींत असंच काही सांगितलं. मुलं उर्दू उजवीकडून लिहितात आणि आकडे डावीकडून, त्यामुळे शाब्दिक उदाहरण मांडताना काहींचा हात मध्येच अडखळत होता.

हे सगळं कुठल्याही गुणपत्रिकेत आलं नसतं. बदलाचा फायदा म्हणतात तो हाच होता.

मग मोठ्या आपा निवृत्त झाल्या. नव्या व्यवस्थेत शनिवारची बैठक राहिली नाही. ती बंद करा असं कुणी सांगितलं नाही. कधी प्रशिक्षण आलं, कधी निवडणुकीचं काम, कधी ऑनलाइन माहिती भरायची होती. तीन शनिवार चुकले की चौथा आठवत नाही. नोंदी मात्र चालू राहिल्या, कारण नोंदवही तपासली जात होती. तोवर बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली होती. 'गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो', 'विचारलेल्या प्रश्नांची योग्य उत्तरे देतो', 'सहकाऱ्यांना मदत करतो'. विषयवार, इयत्तावार, क्रमांक घालून. नंतर तीच व्हॉट्सअॅपवर मिळू लागली, उर्दूतही. आता साठ मुलांच्या नोंदी एका दुपारी पूर्ण होतात, अक्षर सुंदर असतं, तपासणीत शेरा चांगला मिळतो. आणि त्या वहीतून कुठल्या मुलाला ऱ्हस्व वेलांटी येत नाही ते कळत नाही.

शासन निर्णय तसाच आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, तरी आकारिकचा रकाना आहे. कागदावर पाहिलं तर बदल यशस्वी झाला. प्रत्यक्षात नोंद वाचणारं कुणी उरलं नाही.

हे फक्त आपल्याकडे किंवा शाळांमध्येच होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची एक छोटी यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे, सगळ्यांनी एकमेकांना नावं सांगितली का, असे प्रश्न. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. मग कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ती यादी सगळीकडे लागू केली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. जवळजवळ सगळ्यांनी यादी भरल्याचं कळवलं होतं, पण मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक पडलेला नव्हता. यादी तीच होती. पहिल्या आठ ठिकाणी यादीबरोबर ती रुजवणारी माणसंही होती. दुसरीकडे, अनेकांच्या मते, हुकूम पोचला आणि रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या. हा अभ्यास वाचला तेव्हा मला आमच्या नोंदवह्याच आठवल्या.

मग टिकतं काय? शाळेतच त्याचं उत्तर आहे आणि ते रोज दुपारी शिजतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना सुरू झाली. बऱ्याच राज्यांत तेव्हा शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. हजेरी ८० टक्के असेल तर महिन्याला तीन किलो धान्य मिळे. माझी धाकटी बहीण पिशवीत तांदूळ घेऊन यायची आणि तो अम्मीच्या डब्यात जायचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटला जायचा. त्या मुलीच्या पोटात किती गेला हे कुणी विचारत नव्हतं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, वर्षातले किमान २०० दिवस. त्याला वीस वर्षं उलटून गेली. सरकारं बदलली, योजनेचं नाव बदललं, खिचडीबद्दल तक्रारी कधी संपल्या नाहीत, पण खिचडी टिकली.

का टिकली याचा मी बराच विचार केला आहे. न्यायालयाचा आदेश होता आणि २०१३ नंतर अन्नसुरक्षा कायद्याचा आधार आला, हे खरं. पण आणखी दोन कारणं आहेत. पहिलं, ती बंद पडली तर त्याच दिवशी एक वाजता सगळ्या शाळेला कळतं. मुलं ताटल्या घेऊन बसलेली असतात. नोंदवही पोकळ झाली हे कळायला पाच वर्षं लागतात, खिचडी आली नाही हे कळायला पाच मिनिटं पुरतात. दुसरं, ती शिजवणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम आहे. शिक्षकाने इतर कामं सांभाळून करायचं ते काम नव्हे. बचत गटाच्या बायका त्यासाठीच येतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात, थोडे आणि उशिरा का होईना. आमचा शनिवार मोठ्या आपांच्या इच्छेवर उभा होता. खिचडी कुणा एकाच्या इच्छेवर उभी नाही.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले, तेव्हा खूप चर्चा झाली होती. टॅबमध्ये पुस्तकं होती, दप्तर हलकं होणार होतं. कल्पना चांगलीच होती. पण २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकं बदलली. यंत्र विकत घेणं हा एकदाचा खर्च असतो. आतला मजकूर बदलत राहणं, बॅटऱ्या बदलणं, फुटलेला काच बदलणं हा दरवर्षीचा खर्च असतो, आणि त्याचा फोटो पेपरात येत नाही. खरेदीच्या दिवशी दुसऱ्या खर्चाची तरतूद झाली नसेल, तर पहिला खर्च किती वर्षं टिकणार, याचं गणित माझी सातवीची मुलंही मांडू शकतील.

इथे आपल्याकडचाच एक जुना विचार मला फार उपयोगी वाटतो. वक्फ हा शब्द हल्ली फक्त बातम्यांत आणि वादात ऐकू येतो. पण वक्फची मूळ रचना पाहा. कुणी विहीर, सराय किंवा मदरसा अल्लाहच्या नावे कायमचा देऊन टाकतो. देणाऱ्याने तो कोण सांभाळणार, म्हणजे मुतवल्ली कोण, त्याच्यामागून कोण, हे ठरवायचं असतं. आणि हनफी फिकहचा, म्हणजे आपल्याकडे बहुसंख्य मुसलमान मानतात त्या धर्मशास्त्राचा, नियम असा की वक्फच्या उत्पन्नातला पहिला खर्च त्या मालमत्तेच्या दुरुस्तीवर. देणाऱ्याने तसं लिहिलेलं असो वा नसो. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती नंतर, गरिबांचं जेवण नंतर, आधी छप्पर. कारण छप्पर पडलं तर बाकीचं पुण्यही थांबतं. टिकण्याचा एवढा व्यवहारी विचार आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवला, आणि आपण मोहल्ल्यातल्या वाचनालयाची सुरुवात शाल, नारळ, बॅनर आणि बिर्याणीने करतो.

खारदांड्यात राहणाऱ्याला हाच धडा समुद्रही देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी असते. जुनी कोळी रीत तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची. त्या दिवसांत बोटी वर ओढून शाकारलेल्या दिसतात. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फळ्या तपासायच्या, रंग द्यायचा, जाळी विणायची. नवी बोट पाण्यात उतरते तेव्हा पूजा होते, फुलं होतात, सगळं गाव येतं. खरवडायला कुणी येत नाही. आमच्या शेजारच्या कोळी मावशी म्हणतात, "बाय, पहिल्या वर्षी बोटीला काय धाड भरलीय? तिसऱ्या पावसाळ्याला बघ." बोट वर्षातले दोन महिने काहीच कमवत नाही म्हणून बाकीचे दहा महिने कमवते. आमच्या शाळांच्या कुठल्याही योजनेत हे दोन महिने नसतात. जुनी खरवडून, तपासून घ्यायच्या आतच जूनमध्ये नवी आलेली असते.

आता मोहल्ल्यातली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मुलांनी एक अभ्यासिका सुरू केली. गरज खरी होती. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, टीव्ही, शिवणयंत्र आणि दहावीची मुलगी, अशी कितीतरी घरं आहेत. याच कोळी मावशींनी आपल्या घराखालची खोली कमी भाड्याने दिली. जलसा झाला, पाहुणे आले, खुर्च्या आल्या, पुस्तकं आली. सातव्या महिन्यात लाइट बिल थकलं. सुरू करणाऱ्या मुलांना तोवर नोकऱ्या लागल्या होत्या, कुणी वाशीला, कुणी कतारला. त्यांचा काही दोष नव्हता. पंखा बिघडला तो तसाच राहिला. मग कुलूप लागलं.

ते कुलूप उघडलं मुलींच्या आयांनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इफ्तिताह कुणी केला आम्हाला माहीत नाही, पण आमच्या मुलींना मगरिबनंतर बसायला जागा हवी. दोघींनी किल्ली घेतली, आळीपाळीने उघडायचं ठरलं. प्रत्येक घरातून महिन्याला ५० रुपये. त्यातून आधी लाइट बिल, मग पंखा-दिव्याची दुरुस्ती, उरलं तर पुस्तकं. हा नियम मी सुचवला आणि वक्फची गोष्टही सांगितली. त्यातली एक बाई म्हणाली, "टीचर, घर पण असंच चालतं ना." हिशोबाची वही दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला सगळ्यांसमोर वाचली जाते. खोली एखाद्या संध्याकाळी उघडली नाही तर दहा मिनिटांत दारात चार मुली उभ्या असतात, म्हणजे कळायला उशीर होत नाही.

हे चौथं वर्ष आहे. या मे महिन्यात किल्ली सांभाळणाऱ्या दोघींपैकी एकीचं कुटुंब मुंब्र्याला जातं आहे. घरभाडं परवडत नाही, हे कारण आमच्याकडे नवीन नाही. मोठ्या आपा गेल्या तेव्हा काय झालं हे मी पाहिलेलं असल्यामुळे मला याचीच चिंता होती. बायकांनी तोडगा काढला. दहावीच्या मुलीच्या आईने मार्च महिन्यात नववीच्या मुलीच्या आईला बरोबर घ्यायचं. महिनाभर दोघींनी मिळून कुलूप उघडायचं, बिल भरायचं, हिशोब लिहायचा, आणि मग किल्ली द्यायची. दरवर्षी. कुणी गावाला जात असो वा नसो. हा तोडगा किती वर्षं चालेल ते पाहायचं आहे. पण पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाच्या आधी येणारं माणूस ठरलेलं आहे.

शाळेतही आम्ही तिघी पुन्हा शनिवारी बसतो. पाच नाही, तीन मुलांच्या नोंदी. तपासणीसाठी लागणारी वही वेगळी, ही वेगळी. यात नव्याने लागलेली एक शिक्षिका मुद्दाम घेतली आहे, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. थोडं का असेना, पण पाबंदीने केलेलं काम अल्लाहला सर्वांत प्रिय, या अर्थाची हजरत आयेशा यांच्याकडून आलेली हदीस आपण मुलांना पाठ करायला देतो. ती मोठ्यांच्या कामकाजालाही लागू आहे, संस्था चालवणाऱ्यांना तर जास्तच.

आपल्या समाजात सुरू करणाऱ्यांची कमतरता नाही. १८७४ मध्ये बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तिची पहिली शाळा उघडली १८८० मध्ये, आणि स्टेशनसमोरची ती देखणी इमारत उभी राहिली १८९३ मध्ये. मधली वर्षं वर्गण्या जमवण्याची, मन वळवण्याची, हिशोब ठेवण्याची असणार. आपल्या लक्षात इमारत राहते, ती वर्षं राहत नाहीत.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी तुम्हाला एखाद्या अभ्यासिकेच्या, क्लासच्या, कम्प्युटर सेंटरच्या इफ्तिताहला बोलावलं, तर जरूर जा, दुआ करा. आणि चहाच्या वेळी आयोजकांना बाजूला घेऊन विचारा, दुसऱ्या वर्षीचं लाइट बिल कोण भरणार, आणि तुम्ही नसाल तेव्हा किल्ली कुणाकडे असणार. उत्तर मिळालं तर पाकीट तिथेच द्या. नाही मिळालं तर सात महिन्यांनी पुन्हा जा आणि तेव्हा द्या.